ताई, दामटू नका, उतरा

वाचकांचं पत्र

नमस्कार. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते, नागपुरात दाभ्याला राहते. या दसऱ्याला गिअरची सायकल घेतली. सकाळी साडेपाचला निघायचं, काटोल रोडनं फेटरीपर्यंत जायचं आणि शाळेच्या वेळेआधी घरी यायचं, असा दोन महिने नेम होता. फेटरीजवळ उजाडताना मोर ओरडतात, तेवढ्यासाठी उठावंसं वाटायचं. गोरेवाड्याच्या पुढे एक चहाची टपरी आहे. टपरीमागे कचऱ्याचा ढीग आहे आणि तिथं चार-पाच कुत्री असतात. त्यातल्या एका कुत्रीला पिल्लंही झालीत. आमच्या ग्रुपमधले एक दादा नेहमी सांगतात, "कुत्रं मागं लागलं की थांबायचं नाही, दामटायची." मागच्या मंगळवारी मी तेच केलं. एक तांबडा कुत्रा बराच वेळ मागे धावत होता. किती जवळ आला ते बघायला मागे वळले आणि पुढचं चाक डांबराच्या कडेवरून खाली घसरलं. गुडघा फुटला. कुत्र्याचं तोंड सलवारीला लागलं होतं. पिंढरीवर बारीक रेघ आहे, पण ती दाताची की गिट्टीची ते कळत नाही, म्हणून हळद लावली. तेव्हापासून सायकल व्हरांड्यात उभी आहे. शेजारच्या काकू म्हणतात, काठी बांधून ने. आमचे हे म्हणतात, झालं तेवढं पुरे, घरात चालवायची सायकल आणू. शिवाय त्याच रस्त्यावर एकदा रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आडवा आला होता. तेव्हा काय करायचं ते मला सुचलंच नव्हतं, नुसती उभी राहिले. बिबट्या आला तर? मी सायकल सोडून देऊ का?

ता. क. त्या तांबड्या कुत्र्याच्या एका कानाचं टोक कापलेलं आहे. त्याला कुणी मारलं असेल का?

उत्तर

प्रिय ताई,

सायकलबद्दल पुढे सविस्तर लिहिणारच आहे. पण तुमच्या पत्रात मी आधी हळदीपाशी अडकले. पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला निरोप पाठवला. त्याच दुपारी तुम्ही जाऊन लस घेतली हे कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. तरी बाकीच्या वाचकांसाठी तेच पुन्हा इथं लिहिते, कारण दर हिवाळ्यात अशी दोन-तीन पत्रं येतात आणि प्रत्येकात हळद, चुना नाहीतर तिखट असतं.

रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लक्षणं सुरू व्हायच्या आधी नीट उपचार झाले तर मात्र हा आजार टाळता येतो. म्हणून ओरखडा दाताचा की गिट्टीचा या शंकेवर घरी बसून विचार करायचा नाही. साबण घ्यायचा, वाहत्या नळाखाली जखम धरायची आणि घड्याळ लावून १५ मिनिटं धुवायची. वर काही लावायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. मग त्याच दिवशी नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा जवळचं दुसरं सरकारी रुग्णालय गाठायचं. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरतात. पुढच्या सुया ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. लस स्नायूत देत असतील तर मध्ये १४ व्या दिवशीही एक असते. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. आपण स्वतःहून त्याची आठवण करून दिली तर चालतं. कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर पुढच्या सुयांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण ते दहा दिवस वाट बघून मग लस सुरू करायची नसते. आणि चार-आठ दिवस उलटून गेले असले तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये, कळलं त्या दिवशी जावं. शेजाऱ्यांचा पाळलेला कुत्रा असो, मांजर असो की माकड, नियम तोच. गुडघ्याच्या जखमेसाठी धनुर्वाताची सुई घ्यायची राहिली असेल तर तीही विचारा.

आता सायकल. ती सोडू नका. तुमच्या दादांनी प्रेमानंच सांगितलं असणार, पण तो सल्ला चुकीचा आहे आणि तुमचा गुडघा फुटला तो त्या सल्ल्यामुळे. त्या दिवशी कुत्र्यानं जेवढी इजा केली, त्याहून कितीतरी जास्त डांबराच्या कडेनं केली. कुत्रा मागे लागून झालेल्या अपघातांच्या ज्या हकिकती माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकींत असंच असतं. माणूस मागे बघतो, हँडल बघतो त्या बाजूला वळतं आणि चाक कडेवरून उतरतं. नाहीतर कुत्र्याला हुकवायला आपण रस्त्याच्या मधोमध जातो आणि मागून ट्रक येत असतो. काटोल रोडला पहाटे संत्र्यांच्या आणि भाजीच्या गाड्या किती जोरात येतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

कुत्रा सायकलमागे का धावतो ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पळणाऱ्या गोष्टीच्या मागे धावणं त्याच्या रक्तातच आहे. त्यात तो तुकडा त्याचा असतो. टपरी, कचऱ्याचा ढीग, समोरच्या दोन-चार घरांची दारं, एवढ्यात त्याचं पोट आणि कुटुंब असतं. पहाटे रस्ता सामसूम असतो. अशा वेळी एक उंच, बारीक खरखर करणारी, दिवा लुकलुकणारी वस्तू त्याच्या हद्दीत घुसते. तो भुंकत धावतो आणि ती वस्तू पळून जाते. त्याच्या लेखी काम फत्ते झालं. उद्या तो आणखी हुरूपानं धावणार. तुम्ही दोन महिने रोज तिथून दामटत गेलात. म्हणजे तुम्ही, तुमचे दादा आणि तुमचा अख्खा ग्रुप रोज पहाटे त्या तांबड्याला शिकवत होता की धावलं की हे लोक जातात. गणिताच्या बाईंना हे पटेल: उत्तराला रोज बरोबरची खूण मिळत असेल तर पोरगं ते उत्तर का बदलेल?

शिवाय वेगाचा हिशेब आपल्या बाजूचा नसतो. तुमच्या-माझ्यासारखी माणसं सपाट रस्त्यावर ताशी वीस-बावीस किलोमीटरनं जातात. चांगल्या तब्येतीचा गावठी कुत्रा थोड्या अंतरासाठी याहून सहज जोरात पळतो. तो मागे पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची हद्द संपलेली असते. आपल्याला वाटतं, आपण जिंकलो.

म्हणून उतरा. कुत्रा भुंकत निघालेला दिसला की पायडल थांबवा, दोन्ही ब्रेक सावकाश दाबा, सीटवरून पुढे येऊन एक पाय टेका आणि खाली उतरा. सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरा. ती तुमची भिंत. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, पण पाठही फिरवू नका. ठाम आवाजात एकदाच "हट!" म्हणा, वर्गात मागच्या बाकाला दरडावता तसं. किंचाळू नका, पाय झाडू नका. लाथ मारायला जाल तर तोल जाईल आणि पाय थेट त्याच्या तोंडापाशी जाईल. मग सायकल हातात धरून चालत पुढे निघा. बहुतेक कुत्री सायकल थांबली की गोंधळतात. धावण्यासारखं काही उरतच नाही. दोन-चार वेळा भुंकतील, वास घेतील आणि परत जातील. तीस-चाळीस पावलांवर त्यांची हद्द संपली की पुन्हा बसा. कुत्रा तरीही अंगावर येतच राहिला तर पाण्याच्या बाटलीतून त्याच्या तोंडावर जोरात पाणी उडवा. एवढ्यानं बहुतेकदा भागतं.

उतरणं हे एक कसब आहे आणि ते घाबरलेल्या अवस्थेत पहिल्यांदा करायचं नसतं. आधी कॉलनीतल्या मैदानावर करा. वेगात या, थांबा, उतरा, सायकल मध्ये घ्या. दहा वेळा डाव्या बाजूनं, दहा वेळा उजव्या. उजवीकडून उतरणं बहुतेकांना जमतच नाही, आणि कुत्रा डावीकडूनच येईल असं कुठे लिहून ठेवलंय? फक्त पुढचा ब्रेक एकदम दाबला तर काय होतं तेही तिथंच सावकाश वेगात अनुभवून घ्या, म्हणजे दोन्ही ब्रेक बरोबर दाबायची सवय लागेल. आणि सीटची उंची तपासा. दुकानातून सायकल आणली तशीच सीट ठेवून पुष्कळ बायका चालवतात. सीटवरून पुढे आल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. ते टेकत नसतील तर फ्रेमच तुमच्या मापाची नाही.

काठी नको. काकूंना सांगा, एका हातात काठी आणि एका हातात हँडल घेऊन सरळ चालवणं फार अवघड असतं. उगारलेली काठी बघून जे कुत्रं नुसतं भुंकणार होतं तेही चवताळतं. दगड उचलल्यासारखं खाली वाकण्याचा उपाय आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि तो पुष्कळदा चालतोही. पण मी तो सांगत नाही. त्या तुकड्यावरून सकाळी दूधवाले जातात, शाळेची पोरं जातात, म्हातारी माणसं फिरायला निघतात. आपण दगडानं शिकवलेला धडा तो कुत्रा त्यांच्यापैकी कुणावर काढेल ते सांगता येत नाही. चालत्या सायकलवरून बिस्किटं फेकू नका. आठ दिवसांत तो भुंकत नाही, पण बिस्किटासाठी चाकात येतो.

तुमच्या पत्रातल्या पिल्लांच्या उल्लेखावर मी जास्त थांबले. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो हे आपल्या म्हणींतसुद्धा आहे. तिथून साधारण दोन महिन्यांनी, कार्तिकाच्या आसपास, पिल्लं होतात. म्हणजे नागपुरात सायकल काढायला सगळ्यात छान हवा पडते आणि आपण सगळे नव्या उत्साहानं रस्त्यावर येतो, नेमक्या त्याच दिवसांत जागोजागी कुत्र्या लहान पिल्लांपाशी असतात. उन्हाळ्यात ज्या कुत्रीनं मानही वर केली नसती ती आता अंगावर येते. ही तिची रीत आहे आणि ती दीड-दोन महिन्यांत ओसरते. तोवर टपरीच्या बऱ्याच अलीकडे उतरा, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालत जा. पिल्लू रस्त्यावर आलं तर उचलून बाजूला ठेवायचा मोह आवरा. त्याची आई कुठून बघतेय ते आपल्याला दिसत नसतं.

आता रोही. त्या दिवशी तुम्हाला काही सुचलं नाही आणि तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात, असं तुम्ही खंत वाटून लिहिलं आहे. तुम्ही बरोबर केलंत. मोठा रोही, म्हणजे नर नीलगाय, दोनशे किलोच्या वर भरतो आणि घाबरला की समोर काय आहे ते न बघता उसळतो. पहाटे आणि दिवेलागणीला हे कळप शेतातून जंगलाकडे आणि जंगलातून शेताकडे जात असतात. गोरेवाड्याचं जंगल तर शहराला लागूनच आहे. थांबायचं, दिवा खाली करायचा, घंटी वाजवायची नाही. आणि एक गेला, दोन गेले म्हणून लगेच निघायचं नाही.

हे मी किंमत मोजून शिकले. आठ वर्षांपूर्वी उमरेड रोडला तुरीच्या शेतातून एक रानडुक्कर निघालं. मी थांबले, ते रस्ता ओलांडून पलीकडे गेलं आणि मी पायडलवर पाय ठेवला. तेवढ्यात त्याच वाटेनं मादी आणि तिच्यामागे पाच-सहा पिल्लं आली. मादी माझ्या पुढच्या चाकावर आदळली. खांद्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात होता. त्या मादीचा मला कधी राग आला नाही. ती पिल्लांना पलीकडे नेत होती आणि मी तिच्या वाटेत आले होते. तेव्हापासून कुठलंही जनावर आडवं गेलं की मी मनात शंभरपर्यंत मोजते आणि ज्या बाजूनं पहिलं आलं त्याच बाजूला बघत राहते. रानडुकराला फारसं दिसत नाही, त्याचा भर वासावर असतो. त्यामुळे ते कधी कधी अगदी जवळ येईपर्यंत आपली दखलच घेत नाही. तेव्हा जोरात बोला, माणूस आहे हे त्याला कळू द्या. पिल्लं असतील तर मागे सरका. सायकल टाकून झाडाआड किंवा उंचवट्यावर जावं लागलं तर खुशाल जा. सायकल पुन्हा मिळते.

गाई-म्हशींना फार घाबरायचं कारण नाही, पण मागून मुकाट्यानं जवळ जाऊ नका. लांबूनच बोलत या. गुराखी असेल तर सरळ विचारा, "दादा, कोणत्या बाजूनं जाऊ?" कोणती म्हैस कुठे वळते ते तो डोळे मिटून सांगतो. दोन बैल झुंजत असतील तर मात्र परत फिरा.

खार, मुंगूस, कोंबडी असं काही चाकाखाली आलं तर हँडल झटक्यानं वळवू नका. हे कठोर वाटेल, मला लिहितानाही जड जातं. पण सरळ रेषेत सावकाश ब्रेक लावला तर बहुतेक वेळा ते जीवही वाचतात आणि आपणही. झटक्यात वळलं की मागचा ट्रकवाला काही करू शकत नाही.

माकडांचा प्रश्न काटोल रोडपेक्षा रामटेकला जास्त. गड चढताना जर्सीच्या मागच्या खिशात केळं ठेवून जाणारे सायकलवाले मी दर हिवाळ्यात बघते. केळं पिशवीत बंद करून न्या, नाहीतर खालीच खाऊन टाका. माकडानं काही ओढलं तर ओढाताण करू नका, सोडून द्या. दात दाखवून हसू नका, त्याला ती धमकी वाटते. चावलं किंवा ओरबाडलं तर वरचं सगळं लागू: साबण, नळ, १५ मिनिटं, रुग्णालय.

पावसाळ्यात साप. दिवसभर तापलेलं डांबर संध्याकाळी उबदार राहतं, म्हणून साप रस्त्यावर येऊन पडतात. लांबून दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. वाट बघणं शक्यच नसेल तर शेपटीकडून भरपूर अंतर ठेवून जा. त्याच्यावरून चाक नेलं तर तो मरेल किंवा उलटून चावेल. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू न देता १०८ ला फोन करायचा आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जायचं. साप पकडून सोबत न्यायची गरज नसते.

आता बिबट्या. तुमची भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या मिहान या औद्योगिक परिसरात वाघ दिसला होता. मे २०२१ च्या अखेरीस आयटी पार्कजवळच्या गायत्रीनगरात बिबट्या आला होता आणि पुढे काही दिवस शहराच्या वेगवेगळ्या भागांत त्याच्या खुणा सापडत होत्या. पेंच, उमरेड-करांडला, बोर अशी जंगलं आजूबाजूला असलेल्या शहरात हे होणारच. पण मी इतकी वर्षं पहाटे फिरतेय आणि बिबट्या मला दोनदाच दिसला. दोन्ही वेळा तो जाताना दिसला, म्हणजे त्याचं मला आधीच बघून झालं होतं. समोर आलाच तर इथंही थांबायचं आणि उतरायचं, पण कुत्र्यापेक्षा एक गोष्ट वेगळी. वाकायचं नाही, बसायचं नाही. खाली वाकलेला माणूस त्याला सावजाच्या उंचीचा दिसतो. ताठ उभ्या राहा, सायकल पुढे धरा, हात वर करून मोठ्या दिसा, मोठ्यानं बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून एक-एक पाऊल मागे सरका. पाठ फिरवून पायडल मारू नका. मोबाईल काढून फोटोही नको. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गोरेवाड्याच्या बाजूनं जाताना मी स्वतः पूर्ण उजाडल्याशिवाय निघत नाही, आणि तुम्हीही निघू नका. हिवाळ्यात साडेपाचला गडद अंधार असतो. सव्वा तास उशिरा निघालात तर कुत्री, रोही आणि बिबट्या तिघांच्याही बाबतीत फरक पडेल. शाळेची वेळ आड येत असेल तर फेटरीपर्यंत जाऊ नका, अर्ध्यातून परता.

थांबायचं नाही अशी एकच वेळ आहे, ती म्हणजे आग्या मोहोळ. मोठ्या झाडांवर, पाण्याच्या टाक्यांवर, पुलाखाली ही मोहोळं असतात. कुणी दगड मारला, धूर केला किंवा एखाद्या शिकारी पक्ष्यानं झडप घातली की माश्या उठतात. अंगावर दोन-तीन माश्या आदळल्या आणि पुढे घोंगावणं ऐकू आलं तर इथं मात्र तुमच्या दादांचं ऐका आणि दामटा. तोंडावर ओढणी घ्या, हात झटकू नका, बंद दार किंवा बंद गाडी सापडेपर्यंत जात राहा. एका माशीनं नांगी मारली की तिच्या वासानं बाकीच्या तिथंच येतात. पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबून राहतात. आत गेल्यावर नांग्या नखानं लगेच खरवडून काढा. तोंड सुजलं, श्वास लागला किंवा चक्कर आली तर एक मिनिट न दवडता १०८. एकच माशी हेल्मेटमध्ये शिरली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कडेला थांबून हेल्मेट काढा.

तुमच्या घरच्यांना काय सांगायचं? घरात चालवायच्या सायकलनं पाय बळकट होतील, त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही पत्रात लिहिलंय की फेटरीजवळ उजाडताना मोर ओरडतात आणि तेवढ्यासाठी तुम्हाला उठावंसं वाटतं. हे वाक्य त्यांना वाचून दाखवा. आणि पहिल्या दिवशी त्यांना स्कूटरवर सोबत घ्या. बरोबर कुणी असलं की आपला आवाज ठाम निघतो, शिवाय उतरल्यावर काय होतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

गुडघा भरला की रविवार धरा, ट्रॅफिक कमी असतो. पूर्ण उजाडल्यावर निघा. टपरीच्या शंभर पावलं अलीकडे, कुत्री भुंकायच्या आधीच, उतरा. चालत टपरीपर्यंत जा, चहा घ्या, दहा मिनिटं बसा. त्या कुत्र्यांना तुम्हाला बसलेलं बघू द्या, तुमचा वास घेऊ द्या. मग चालत पुढे जा आणि हद्द संपल्यावर सायकलवर बसा. परत येतानाही तसंच. असं चार-पाच रविवार करा. पुढे हळूहळू उतरायची जागा टपरीच्या जवळ आणा. कधीतरी नुसता वेग कमी करून, बोलत-बोलत जाता येईल. येणार नाही असंही होऊ शकतं. तेव्हा रोज उतरा, दोन मिनिटं जास्त लागतील. ग्रुपमधल्या दादांना हे पत्र दाखवा आणि सगळ्यांनी मिळून त्या तुकड्यावर उतरायचं ठरवा. एक उतरला आणि पाच दामटत गेले तर तांबड्याला काहीच कळणार नाही.

तुमच्या ताजा कलमाचं उत्तर. कानाचं टोक कुणी मारून कापलेलं नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करतात तेव्हा बेशुद्ध असतानाच कानाला छोटी खाच पाडतात, लांबून ओळखू यावं आणि तेच कुत्रं पुन्हा पकडून नेलं जाऊ नये म्हणून. त्याच वेळी रेबीजची लसही टोचतात आणि बरं झाल्यावर जिथून नेलं तिथंच परत सोडतात. नियमच तसा आहे. म्हणजे तांबडा एकदा त्या टपरीपासून गाडीतून नेला गेला आणि परत तिथंच आला. ती लस वर्षानुवर्षं पुरत नाही, त्यामुळे खाच बघून तुम्ही तुमच्या सुया सोडू नका, २८ व्या दिवसाची पण घ्या. त्या पिल्लांच्या आईचे कान मात्र शाबूत असणार. पिल्लं मोठी झाली की तिच्या नसबंदीसाठी महापालिकेला कळवा, हे काम तुमचा ग्रुप करू शकतो.

आणि पहिल्या रविवारी चहा घेताना टपरीवाल्याला तांबड्याचं नाव विचारा. टपरीवरच्या कुत्र्यांना नाव असतंच. उतरल्यावर "हट" म्हणण्याआधी त्या नावानं हाक मारून बघा, आणि काय झालं ते मला कळवा.

तुमची,
सायकलवाली मावशी